एकट्यानें पाण्याखालीं

संस्कृतांत मदत करणाराला ‘सहाय’ म्हणतात. या शब्दाची फोड विद्यार्थ्यांस सांगतांना मी नेहमीं क्षणभर थांबत असें. ‘सह’ म्हणजे बरोबर आणि ‘अय’ म्हणजे जाणारा. जो बरोबर चालतो तो सहाय. मदत हा अर्थ मागाहून आला, मूळ अर्थ सोबत. म्हणूनच ‘असहाय’ या शब्दांत सोबत नसलेला आणि निराधार असलेला हे दोन्ही अर्थ एकमेकांस चिकटून बसले आहेत. ज्यांनीं ही भाषा घडविली त्यांना एकटा मनुष्य आणि लाचार मनुष्य यांत फारसा फरक दिसत नसावा. पस्तीस वर्षें शिकविलेल्या या शब्दाचा विचार निवृत्तीनंतर घरच्याच एका प्रकरणाच्या निमित्तानें पुन्हा करावा लागेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

प्रकरण असें. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा गेलीं बारा वर्षें कॅलिफोर्नियांत आहे. वय त्रेचाळीस, व्यवसाय इंजिनियरचा, घरीं पत्नी व तीन वर्षांची कन्या. वाईस कृष्णेच्या घाटावर पाठीला सांगड बांधून मींच त्याला पोहावयास शिकविलें. तिकडे गेल्यावर त्याला समुद्राच्या पोटांत शिरण्याचा छंद लागला. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखालीं हिंडावयाचें, त्याला स्कूबा म्हणतात. आठ वर्षांत त्यानें दीडशेंच्या आसपास बुड्या मारल्या आहेत. मॉन्टेरे नांवाच्या किनाऱ्यावर तो जातो. तेथील पाणी बारा-तेरा अंशांचें, म्हणजे आपल्या माघांतील पहाटेच्या स्नानाला लाजविणारें. त्यांत केल्प नांवाच्या तपकिरी शेवाळाचीं अरण्यें उभीं असतात. हें शेवाळ तीस मीटर उंच होतें आणि स्थिति अनुकूल असली तर दिवसाला हातभर वाढतें. त्या अरण्यांत कवच नसलेल्या रंगीबेरंगी समुद्रगोगलगाई असतात. त्यांचीं छायाचित्रें काढणें हा त्याचा खरा नाद. पूर्वीं सूनबाई त्याच्याबरोबर पाण्यांत उतरत असे. कन्या झाल्यापासून तिचें जाणें थांबलें आणि हा अनोळखी लोकांबरोबर जाऊं लागला.

२०२४ च्या दिवाळींत त्यानें फोनवर सांगितलें कीं, आतां आपण एकट्यानें बुडी मारण्याचें रीतसर शिक्षण घेणार. तें ऐकून बंधूंनीं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलें. वहिनी मात्र तडक माझ्या खोलींत आल्या. “भावोजी, वडिलांचें तो ऐकत नाहीं, माझें हंसण्यावारी नेतो. पोहावयास तुम्हीं शिकविलेंत, तेव्हां एकट्यानें जाऊं नको हेंही तुम्हीच सांगा.”

वहिनींच्या मतें विषय एका वाक्याचा होता. मला तो तसा वाटेना. वर्गांत सुद्धां एखाद्या मुलाचें म्हणणें ऐकून घेतल्यावांचून मीं त्याला कधीं उभें केलें नाहीं. मीं पुतण्यास सांगितलें, “तूं काय शिकणार आहेस तें आधीं मला शिकव, मग मी हो किंवा नाहीं म्हणेन.” त्यानें पुस्तकें पाठविलीं. तीन महिने दर रविवारीं तो फोनवर बोलावयास बसे आणि मी शब्दकोश व वही घेऊन ऐकत असें. आजकाल पुष्कळ घरांतील मुलें-मुली डोंगर-समुद्राच्या वाटेला जातात आणि वडील माणसांपाशीं ‘जा’ किंवा ‘जाऊं नको’ एवढे दोनच शब्द असतात. अशा घरांस माझ्या वहींतील कांहीं पानें उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून हा मजकूर लिहीत आहें.

पहिली गोष्ट जी मला कळली ती मोठी मौजेची आहे. जुना पाणबुड्या कधीं एकटा नसेच. १८३७ च्या सुमारास ऑगस्टस सीबे यानें जो बंद पोशाख व तांब्याचें शिरस्त्राण प्रचारांत आणलें, त्याला वरून नळी जोडलेली असे, आणि बोटीवर माणसें हातपंप फिरवून खालच्या माणसास हवा पुरवीत. तो तळाशीं एकटा दिसे, पण त्याची नाळ वरच्यांशीं बांधलेली असे. दोरीला दोन झटके दिले कीं वर कळे. ही नाळ तुटली ती १९४३ सालीं. फ्रेंच आरमारी अधिकारी जाक कूस्तो आणि इंजिनियर एमील गान्यां या दोघांनीं एक झडप बनविली. मनुष्यानें श्वास ओढला म्हणजेच ती उघडते, आणि सभोंवारच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा तोंडांत देते. युद्धकाळीं पेट्रोलच्या टंचाईमुळें मोटारी वायूवर चालविण्याची वेळ आली होती. त्या कामासाठीं गान्यांनीं जी झडप केली होती तिच्यावरून ही सुचली. मोटारीच्या पोटाची सोय माणसाच्या फुफ्फुसांच्या कामीं आली! नळी गेली, दोरी गेली, वरचीं माणसें गेलीं. पाणबुड्या माशासारखा मोकळा झाला आणि त्याच दिवशीं प्रथमच खरोखर एकटा पडला.

या एकटेपणावर उपाय म्हणून जोडीचा नियम आला. १९५३ सालीं निघालेला ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब घ्या किंवा १९६६ सालीं अमेरिकेंत निघालेली पाडी ही संस्था घ्या, दोहोंच्या शिक्षणांत पहिल्या दिवसापासून जोडीदार असतो. त्याच्यापाशीं श्वास घेण्याचें एक जास्तीचें तोंड असतें. माझी हवा संपली तर मी त्याच्या टाकीवर श्वास घेत वर यावें. माझा पाय दोरांत गुंतला तर तो सोडवील. मी भलतेंच कांहीं करूं लागलों तर तो ओळखील. तीस मीटरच्या आसपास आणि त्याखालीं हवेंतील नायट्रोजन माणसास चक्क नशा आणतो. ज्याला चढली त्याला स्वतःला ती कळत नाहीं, दुसऱ्याला कळते.

येथवर ऐकून वहिनी म्हणाल्या, “मग झालें तर! नियम शहाण्या माणसांनींच केला आहे.” पुतण्याचें उत्तर असें : “आई, नियम चांगला आहे, पण जोडीदार चांगला असेल तरच. बोटीवर मला जो मिळतो तो अर्ध्या तासापूर्वीं भेटलेला असतो.” आणि मग त्यानें एक हकिकत सांगितली, जी त्यानें तोंवर घरीं कोणास सांगितली नव्हती. आदल्या वर्षीं त्याला एक नवखा गृहस्थ जोडीला दिला गेला. पाणी गढूळ होतें. वीस मीटरवर मागें वळून पाहतो तों गृहस्थ नाहीं. नियमाप्रमाणें एक मिनिट शोध केला आणि नियमाप्रमाणेंच हा वर येऊं लागला. वर येईपर्यंतचीं तीं तीन-चार मिनिटें, आपण एका माणसास खालीं मरावयास सोडून आलों कीं काय या विचारांत गेलीं. वर येऊन पाहतो तों गृहस्थ बोटीवर कॉफी घेत बसलेले. हवा लवकर संपत आली म्हणून ते खूणही न करतां निघून गेले होते. पुतण्या म्हणाला, “काका, त्या दिवशीं मी एकटाच होतों. फक्त मला तें ठाऊक नव्हतें, आणि तयारी एकट्याची नव्हती.”

हें वाक्य माझ्या मनांत राहिलें. तीन मीटर पलीकडचें दिसत नाहीं अशा पाण्यांत पाठमोरा पोहणारा छायाचित्रकार आणि त्याच्या मागें कोठें तरी असलेला अनोळखी मनुष्य, ही जोडी कागदावरचीच. मात्र एवढ्यावरून ‘एकटेंच जावें’ हें सिद्ध होत नाहीं. चांगला जोडीदार शोधावा, हें उत्तरही तितकेंच सरळ आहे, आणि तें मीं त्याला बजावलें. त्यावर तो म्हणाला, “शोधीतच आहें, पण मिळाल्यावरही मला स्वतःला सोडवितां आलें पाहिजे. नाहींतर मी त्याच्या गळ्यांतलें लोढणें.” येथें मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

मग आम्ही गणिताकडे वळलों. हा सर्व खेळ शेवटीं एका जुन्या नियमाचा आहे. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं सांगितलेला तो नियम शाळेंत सर्वांनीं घोकलेला असतो : दाब दुप्पट झाला कीं वायूचें आकारमान निम्मे होतें. पाण्याखालीं दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठावर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. छाती तर तेवढीच भरावयाची, म्हणून तीस मीटरवरील एका श्वासाला वरच्या चार श्वासांची हवा लागते. बारा लिटरची टाकी दोनशें दाबानें भरली तर तींत दोन हजार चारशें लिटर हवा मावते. मनुष्य मिनिटाला वीस लिटर घेतो असें धरलें, तर ती वर दोन तास पुरेल, दहा मीटरवर एक तास, वीसवर चाळीस मिनिटें आणि तीसवर अवघा अर्धा तास. आणि तीही तळ कोरडा पडेपर्यंत ओढली तर, जी गोष्ट कोणी शहाणा करीत नाहीं.

हाच नियम वर येतांना उलटा चालतो आणि तेव्हां तो अधिक क्रूर असतो. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला मनुष्य श्वास कोंडून वर आला, तर तीच हवा दुप्पट होऊं पाहते. फुफ्फुस फाटतें आणि बुडबुडे रक्तांतून थेट मेंदूकडे जाऊं शकतात. म्हणून या विद्येचा पहिला धडा, श्वास कधींही कोंडावयाचा नाहीं. घाबरलेला मनुष्य नेमकें तेंच करतो. दुसरें भय रक्तांत विरघळलेल्या नायट्रोजनचें. सोड्याची बाटली एकदम उघडावी तसा तो बुडबुड्यांच्या रूपानें सुटतो. ब्रुकलिनच्या पुलाचे पाये खोदतांना १८७२ सालीं मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग याच व्याधीनें अंथरुणास खिळला, आणि पुढें पूल पुरा होईपर्यंत, म्हणजे १८८३ पर्यंत, त्याच्या सूचना कामावर पोंचविण्याचें व देखरेखीचें काम त्याची पत्नी एमिली हिनें केलें. (आमच्या वहिनींस या सर्व पुराणांत एवढीच गोष्ट मनापासून आवडली.) १९०८ सालीं हाल्डेन यानें बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें तयार केलीं. आजचा साधा नियम असा कीं, मिनिटाला नऊ मीटरहून वेगानें वर येऊं नये आणि पांच मीटरवर तीन मिनिटें थांबावें.

आतां एकट्याची गोष्ट. जोडीदाराच्या टाकीऐवजीं एकट्यानें स्वतःचीच दुसरी, स्वतंत्र झडप असलेली छोटी टाकी न्यावयाची. तिला तिकडे पोनी, म्हणजे तट्टू, म्हणतात. पुतण्यानें तीन लिटरची घेतली होती. दोनशें दाबानें तींत सहाशें लिटर हवा. त्यानें हिशेब करून पाठविला कीं, तीस मीटरवरून वर येण्यास आपल्याला दोनशें सत्तर लिटर लागते, म्हणजे टाकी दुपटीहून अधिक आहे. मीं तो हिशेब पुन्हा मांडला. बेरीज-गुणाकार बिनचूक होता. त्यानें स्वतःचा श्वास मोजला होता, तो मिनिटाला सोळा लिटर. मीं विचारलें, “हा श्वास तूं केव्हां मोजलास?”

“शांत पोहत असतांना.”

“आणि ही छोटी टाकी तूं शांत असतांना वापरणार आहेस काय?”

फोनवर तो बराच वेळ बोलला नाहीं. मग आम्हीं घाबरलेल्या माणसाचा श्वास चाळीस लिटर धरला. तीस मीटरवर काय झालें तें कळून टाकी बदलण्यास एक मिनिट. चार वातावरणें गुणिलें चाळीस, म्हणजे एकशें साठ लिटर. तेथून नऊच्या वेगानें वर येण्यास तीन मिनिटें वीस सेकंद, सरासरी दाब अडीच. सुमारें तीनशें तेहतीस लिटर. पांच मीटरवरील तीन मिनिटांचा थांबा, दीड वातावरणें, एकशें ऐशीं. एकूण सहाशें त्र्याहत्तर. टाकींत सहाशेंच! थांबा सोडला तर जीव वांचतो, पण ज्या उपकरणावर सर्व भिस्त तें पहिल्याच हिशेबांत तोकडें पडतें. हेंच वीस मीटरवर मांडलें. एकशें वीस, एकशें अठ्याहत्तर आणि एकशें ऐशीं; एकूण चारशें अठ्याहत्तर. येथें शंभराहून अधिक लिटर शिल्लक राहते. पुतण्यानें त्याच रात्रीं लिहिलें कीं, एकट्यानें असतांना अठरा मीटर ही आपली शेवटची पायरी. त्याखालीं कांहीं दिसलें तरी दिसूं द्यावें. तीन महिन्यांत मला सर्वांत समाधान झालें तें या पत्रानें.

शिक्षणाविषयीं थोडें. फार दिवस या संस्थांनीं एकट्याच्या बुडीचें नांवही काढूं दिलें नाहीं. लोक चोरून करीत. १९९८ सालीं निघालेल्या एस्‌डीआय या संस्थेनें एकट्यासाठीं स्वतंत्र वर्ग काढला. त्याला वय एकवीस आणि आधींच्या शंभर बुड्या लागतात. पुढें पाडीनेंही स्वावलंबी पाणबुड्याचा वर्ग सुरू केला. त्यालाही शंभर बुड्यांची अट आहे. म्हणजे आधीं जोडीचें व्रत पाळल्यावांचून एकटेपणाची दीक्षा नाहीं. ही अट मला फार पटली. आमच्याकडे संन्यासाला चौथा आश्रम म्हणतात, पहिला नव्हे. हें प्रशस्तिपत्र असूनही पुष्कळ बोटीवाले एकट्यास पाण्यांत सोडीत नाहींत, हेंही नमूद केलें पाहिजे.

वर्गांत नवें ज्ञान फारसें नसतें. ठाऊक असलेलें अंगांत मुरवावयाचें असतें. डोळ्यांवरची कांच काढून थंडगार पाण्यांत आंधळ्यासारखें पोहावयाचें. चेहऱ्याला थंड पाणी लागतांच श्वास आपोआप हिसक्यानें ओढला जातो; तो आवरण्याची संवय करावयाची. मुख्य टाकी बंद झाली असें समजून न पाहतां छोट्या टाकीचें तोंड शोधावयाचें. पाण्यांतून रिळाच्या दोरीवर फुगणारा बोया वर सोडून, आपण येथें आहों हें वरच्या बोटींस कळवावयाचें. होकायंत्रावर दिशा धरून निघाल्या जागीं परत यावयाचें. सूनबाईनें कळविलें कीं, हा रात्रीं दिवाणखान्यांत सर्व सामान अंगावर चढवून, डोळे मिटून, सुरी, झडप, शिट्टी चांचपीत बसतो, आणि आमची नात ती आंधळी कोशिंबीर समजून त्याला शिवून पळते.

सामानांत प्रत्येक जीवनावश्यक वस्तु दोन. कांचा दोन, खोली व वेळ दाखविणारीं यंत्रें दोन, कापावयाचीं हत्यारें दोन, आणि तीं अशा जागीं कीं कोणत्याही एका हातानें निदान एक काढतां यावें. कारण केल्पमध्यें किंवा कोळ्याच्या तुटक्या दोऱ्यांत दुसरा हातच गुंतलेला असावयाचा. पण सामान वाढविणें म्हणजे तयारी नव्हे, असें त्याचा शिक्षक बजावीत असे. सामान जितकें अधिक तितकें गुंतावयासही अधिक. कोणी नवखा पोनी पाठीला लावून हिंडतो आणि तिची झडप बंद आहे कीं उघडी हें त्याला ठाऊक नसतें. त्यापेक्षां ती नसलेली बरी, निदान तिच्या भरंवशावर तो खोल जाणार नाहीं.

एक गोष्ट मला शिक्षक म्हणून विशेष वाटली. जोडीनें जाणाऱ्यास दुसरा पाहत असतो. दाबमापक पन्नासवर आलें तरी वर निघाला नाहीं, तर दुसरा खूण करील. एकट्याची परीक्षा पर्यवेक्षकावांचून असते. आज आणखी दहा मिनिटें राहिलों तर कोण विचारणार? अशा परीक्षेंत चांगलीं मुलें सुद्धां काय करतात हें मीं पाहिलें आहे. म्हणून त्याला सांगितलें कीं, पाण्यांत उतरण्यापूर्वीं खोली, वेळ व परतण्याचा दाब हे तीन आंकडे पाटीवर लिहावयाचे, आणि वर आल्यावर घडलेले तीन आंकडे शेजारीं लिहून तें पान मला पाठवावयाचें.

या शास्त्रांतील एका मोठ्या माणसाचें चरित्र मीं या निमित्तानें वाचलें. शेक एक्सले हा फ्लोरिडांत शाळेंत गणित शिकवीत असे. पाण्यानें भरलेल्या गुहांत शिरणाऱ्यांचे मृत्यु कशानें होतात, याची एकेक हकिकत तपासून त्यानें १९७९ सालीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. बाहेरपर्यंत अखंड दोरी धरावी. एकतृतीयांश हवेंत जावें, एकतृतीयांशांत परतावें आणि एकतृतीयांश अडचणीसाठीं राखावी. मर्यादेबाहेर खोल जाऊं नये. या नियमांनीं किती जीव वांचले त्याची मोजदाद नाहीं. तोच एक्सले ६ एप्रिल १९९४ रोजीं मेक्सिकोंतील साकातोन नांवाच्या कुंडांत तीनशें मीटरपलीकडे जाण्याचा प्रयत्न करतांना मरण पावला. त्याचा सोबती जिम बोडेन त्याच वेळीं वेगळ्या दोरीनें उतरला होता. तो वांचला, पण एक्सलेला कांहीं झालें आहे हें त्याला खालीं कळणेंही शक्य नव्हतें. पुतण्याच्या अठरा मीटरशीं याची तुलना करणें योग्य नव्हे, हें मला कळतें. तरी तें पान मीं त्याला वाचावयास लावलें.

आतां जो भाग कोणत्याही हिशेबांत बसत नाहीं त्याविषयीं. हवा संपली, कांच फुटली, पाय गुंतला, वाट चुकली, या सर्वांना एकट्याजवळ उत्तर असूं शकतें. शुद्ध हरपली तर नाहीं. तोंडांतली झडप गळून पडली आणि ती परत बसविणारा हात जवळ नसला, तर दोन टाक्या असोत कीं चार. पाणबुड्यांच्या मृत्यूंची जी चिकित्सा होते तींत हृदयविकाराचा वांटा मोठा आढळतो, आणि आमचे चिरंजीव चाळिशी ओलांडलेले, दिवसभर खुर्चीवर बसणारे. त्यांच्या पुस्तकांत या प्रश्नावर पान-दीड पान होतें. वहिनींस मात्र तोच प्रश्न पहिल्या दिवशीं सुचला होता : “आणि घेरी आली तर?” मीं पुतण्यास स्पष्ट सांगितलें कीं, तुझ्या आईचा प्रश्न तुझ्या पुस्तकाहून मोठा आहे. धांवत्या पट्ट्यावरील हृदयाची तपासणी झाल्यावांचून माझा होकार नाहीं. आणि तपासणी निर्दोष निघाली तरी हा धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं, हें तुझ्या पत्नीस तूं स्वतः समजावून सांग. त्यानें दोन्ही केलें. तिनें हो म्हटलें, पण आणखी एक अट घातली. ती काय हें त्या दोघांनीं आम्हांला सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं.

एक विषयांतर करतों. गेल्या मे महिन्यांत घरचीं मंडळी मालवणास गेलीं होतीं. तेथें सिंधुदुर्गाजवळ पर्यटकांस पाण्याखालीं नेतात. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें प्रशिक्षण केंद्रही आहे. आमच्या दोन भाच्यांनीं बुडी मारली, मासे पाहिले आणि ‘आम्हांला स्कूबा येतें’ असें सांगत घरीं आले. वस्तुतः सगळा वेळ शिक्षकानें त्यांच्या टाकीस हात धरलेला होता. सांगड बांधून तरंगलेल्या मुलानें पोहतां येतें म्हणावें तसेंच हें. अनुभव म्हणून छानच, पण खरा वर्ग करावयाचा तर तलावापासून आरंभ करावा लागतो आणि कित्येक दिवस द्यावे लागतात. भाच्यांचें नांव मीं तेथील वर्गाच्या चौकशीसाठीं लिहून ठेवलें आहे.

सरतेशेवटीं घरांत वाद राहिला तो निरोपाचा. किनाऱ्यावर कोणाला तरी जागा, उतरण्याची वेळ आणि परतण्याची शेवटची वेळ सांगूनच उतरावयाचें, हा एकट्याचा कडक नियम. शेवटच्या वेळेनंतर अर्ध्या तासांत निरोप आला नाहीं तर त्या माणसानें तटरक्षकांस फोन करावयाचा. हें काम सूनबाईकडे. पुतण्या तोच निरोप आईलाही पाठवी. तेथील सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यांत आपले रात्रीचे साडेआठ. ऐन पानें वाढण्याच्या वेळीं ‘पाण्यांत चाललों’ असा निरोप यावा आणि पुढला तासभर वहिनींनीं घांस घेऊं नये. मीं म्हटलें, येथें बसून आपण कांहीं करूं शकत नाहीं, तेव्हां आपल्याला फक्त बाहेर आल्याचा निरोप यावा. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, उपयोग असो नसो, तो पाण्यांत असतांना मला ठाऊक असलेंच पाहिजे.” येथें कोणतेंही गणित चालत नाहीं हें ओळखून मीं माघार घेतली. निरोप दोन्ही येतात. रविवारचें जेवण उशिरां होतें.

२०२५ च्या एप्रिलांत त्याचा वर्ग पुरा झाला. दसऱ्यापर्यंत त्यानें एकट्यानें नऊ बुड्या मारल्या. सर्वांत खोल सतरा मीटर, सर्वांत लांब एकेचाळीस मिनिटें. नऊही पानें माझ्यापाशीं आहेत आणि लिहिलेले व घडलेले आंकडे मीं ताडून पाहिले आहेत. त्यांखेरीज दोन पानें अशीं आहेत कीं ज्यांवर घडलेल्या आंकड्यांची जागा कोरी आहे. त्या दोन दिवशीं तो सर्व सामान अंगावर चढवून वाळूपर्यंत गेला आणि न उतरतां घरीं परतला. पहिल्या पानावर कारण लिहिलें आहे, ‘लाटा मोठ्या’. दुसऱ्यावर, ‘रात्रीं झोप नीट झाली नाहीं’. हीं दोन पानें मीं वहिनींस दाखविलीं. त्यांनीं चष्मा लावून तीं दोनदां वाचलीं, आणि पुढचें पान केव्हां येणार म्हणून विचारलें.